ताईंचा रातकिडा

घरात त्या ताई, संस्थेत बाई, आणि दोन्हीकडे त्यांच्या माघारी ‘कान’. हे तिसरं नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. का नाही आवडणार? नुसत्या आवाजावरून रातकिड्याची जात सांगणारं माणूस संस्थेत दुसरं नव्हतं. सगळे चहाला बसले की ताई मध्येच बोट वर करून सगळ्यांना गप्प करायच्या. खिडकीबाहेर कुठंतरी काहीतरी किरकिरत असायचं. ताई त्याची जात सांगायच्या, वय सांगायच्या आणि त्याचं लग्न जमतंय की फिसकटतंय तेही सांगायच्या. बाकीचे माना डोलवायचे. नाही डोलवून करतात काय? ताईंचं खरं की खोटं ते तपासण्याइतकं कोणाला ऐकू येत होतं?

हल्ली मात्र ताईंच्या एक गोष्ट लक्षात यायला लागली होती. लोक नीट बोलत नव्हते. तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे. विद्यार्थिनींचं तर विचारूच नका, प्रत्येक शब्दाचं शेपूट खाऊन टाकायच्या. घरी नवरा वर्तमानपत्राआडून बोलायचा, त्यातलं निम्मं वर्तमानपत्रच ऐकायचं. त्यात तो मायक्रोवेव्ह बिघडलेला. काम झालं की टीकटीक वाजायला हवं, ते वाजायचंच नाही आणि दूध आत बसून गार व्हायचं. ताईंनी दुरुस्तीवाल्याला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा त्यानं बटण दाबलं, जरा थांबला आणि म्हणाला, “वाजतंय की, बाई.” दुसऱ्या वेळी ताईंनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. नवऱ्यानं दुरुस्तीवाल्याकडे पाहिलं, दुरुस्तीवाल्यानं नवऱ्याकडे पाहिलं आणि दोघंही गप्प राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा एवढं तरी शिकला होताच.

पण ताईंच्या जिवाला घोर होता तो वेगळ्याच गोष्टीचा. त्यांचा रातकिडा चालला होता.

त्यांचा म्हणजे त्यांचाच. तरुणपणी, संशोधन नुकतं सुरू केलेलं असताना, एका आडबाजूच्या पठारावर त्यांना तो सापडला होता. जगात दुसरीकडे कुठंही नाही, फक्त त्या पठारावरच्या उंच गवतात. दिसायला अगदीच सुमार; नखाएवढा, मातकट, कोणी पायाखाली चिरडला तरी वाईट वाटू नये असा. पण आवाज! इतका बारीक, इतका वरच्या पट्टीतला की पहिल्यांदा ऐकला तेव्हा ताई जेवणाचा डबा उघडा टाकून त्याच्यामागं पळाल्या होत्या. डबा मुंग्यांनी खाल्ला, किडा विज्ञानाला मिळाला. तेव्हापासून दर वर्षी पावसाळा सरला की ताई पठारावर जायच्या, ठरलेल्या थांब्यांवर संध्याकाळी डोळे मिटून उभ्या राहायच्या आणि किती किडे गातायत ते कानानं मोजायच्या.

तीन वर्षांपूर्वी आकडा निम्म्यावर आला. पुढच्या वर्षी बोटांवर मोजण्याइतका. गेल्या वर्षी अख्ख्या पठारावर एकच. तोही ऐकला की ऐकल्यासारखा वाटला, हे ताईंनी स्वतःलासुद्धा विचारलं नव्हतं. यंदा एकही सापडला नाही तर ‘ही जात नाहीशी झाली’ असं जाहीर करायचं ठरलं होतं. लेख लिहून तयार होता. लिहिताना ताई दोनदा उठून बाथरूममध्ये गेल्या आणि नळ सोडून रडल्या. किड्यासाठी कोणी रडतं का, असं तुम्ही म्हणाल. ताई रडत होत्या, एवढं खरं.

विभागप्रमुख हा ताईंचाच विद्यार्थी. एके काळी त्यांची पिशवी सांभाळत तोही पठारावर चढला होता आणि अजूनही ताई खोलीत आल्या की खुर्चीवरून अर्धा उठायचा. तो म्हणाला, “बाई, यंदा पठारावर रेकॉर्डर लावून बघू या का? आपलं असावं म्हणून.”

“रेकॉर्डर!” ताईंनी असं काही नाक मुरडलं की त्या रेकॉर्डरला तिथं कपाटात लाज वाटली असेल. “यंत्राला ऐकू येतं रे. लक्ष कुठं असतं त्याचं?”

यावर त्यानं चष्मा काढून पुसला आणि खाली बघून काहीतरी म्हटलं. काय ते ताईंना कळलं नाही. तोही पुटपुटणाऱ्यांतला झाला होता.

इतकी वर्षं त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेतला मदतनीस जायचा. यंदा नेमकी त्याची कंबर धरली. नवऱ्याचे गुडघे तर जिना चढतानाच बोलायचे. मग नवऱ्यानं परस्पर मेहुणीला फोन लावला आणि ताईंची धाकटी बहीण किडे मोजायच्या मोहिमेवर रुजू झाली.

धाकटी ताईंहून पुष्कळ लहान. ताई कॉलेजात होत्या तेव्हा ती पाळण्यात होती. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं बायकांचे केस कापायचं दुकान होतं. कात्री थांबली तरी तिची जीभ थांबायची नाही, आणि ड्रायरच्या घोंघाटात वर्षानुवर्षं बोलून आवाजही असा झाला होता की तिनं दुकानात गुपित सांगावं आणि समोरच्या औषधवाल्यानं हळहळावं. “रातकिडे? आमच्या मोरीत हवे तेवढे आहेत. नेऊन सोड की वर!” ती म्हणाली. ताईंनी कपाळाला हात लावला. पण दुसरं माणूस कुठून आणणार?

निघायच्या दिवशी धाकटी नवंकोरं जॅकेट घालून आली. हात हलवला की खुसखुस, पाय उचलला की खुसखुस.

“काढ ते.”

“ताई, महाग आहे गं!”

“असू दे. गवतात तुझं जॅकेट मोजत बसू का मी?”

जॅकेट घरी राहिलं आणि धाकटीच्या अंगावर भावोजींचा जुना लोकरी स्वेटर चढला. तो तिच्या गुडघ्यांशी गप्पा मारत होता. मग ताईंनी तिच्या बॅगेची झडती घेतली. अत्तर काढलं, वेफर्सची पाकिटं काढली, खोकल्याच्या गोळ्यांचं चुरचुर वाजणारं वेष्टण उलगडून गोळ्या पुडीत बांधल्या. त्यानंतर नियम सांगितला. थांब्यावर ताईंचा हात वर गेला की तोंडाला कुलूप. दोन थांब्यांच्या मध्येही बोलायचं नाही, कारण किडे बिचकतात. शेवटचा थांबा झाला की काय बोलायचं ते बोल.

“आणि शिंक आली तर?”

“गिळायची.”

बसनं शेवटच्या गावापर्यंत, तिथून जीपनं रस्ता संपेपर्यंत, आणि रस्ता संपला की पायी. जीपमध्ये धाकटीनं ड्रायव्हरची सगळी वंशावळ काढून घेतली आणि त्याच्या बायकोनं केस कोणत्या बाजूला वळवावेत तेही सांगून टाकलं. चढावर मात्र ती आपोआप शांत झाली. नियमानं नव्हे, धापेनं. ताई पुढं सरसर चालत होत्या. साठीला टेकलेली बाई, पाठीवर पिशवी, हातात काठी, आणि एकदाही मागं वळून बघणं नाही. धाकटी मागून कळवळून हाका मारत होती. मोठी बहीण शिष्ट झाली, असं तिला वाटलं.

वर पत्र्याची एक खोली होती. दोन खाटा, एक स्टोव्ह, न लागणारी खिडकी आणि उंदरांनी कुरतडलेली गादी. ताईंनी दार उघडल्यावर एक मोठा श्वास घेतला आणि त्यांचा चेहराच बदलला. या कोपऱ्यात मी पहिला लेख लिहिला, या खिळ्याला माझी टोपी असायची, त्या विभागप्रमुखाला इथं पहिल्या रात्री विंचू दिसला आणि तो सकाळपर्यंत खाटेवरून पाय खाली टाकायला तयार नव्हता. ताई बोलत होत्या आणि धाकटी अंडी उकडता उकडता त्यांच्याकडे बघत होती. घरात एवढी खूश तिनं ताईला क्वचितच पाहिलं होतं.

“आणि नाही सापडला तर?” तिनं विचारलं. हे ताईंना व्यवस्थित ऐकू आलं.

“तर मी इथं कशाला येऊ गं पुन्हा?” ताई म्हणाल्या आणि अंडी सोलायला लागल्या.

संध्याकाळी दोघी निघाल्या. सूर्य गेला होता, पण उजेड अजून गवतावर रेंगाळत होता. हीच त्याची वेळ. पहिल्या थांब्यावर ताईंनी पाय रोवले, डोळे मिटले, हात वर केला. धाकटीनं ओठ आवळून घेतले.

ताईंनी वारा ऐकला. खाली दरीतलं पाणी ऐकलं. स्वतःच्या छातीतली धडधड ऐकली. बाकी काही नाही. मुदत संपली तशा त्यांनी डोळे उघडले, तक्त्यात शून्य मांडलं आणि धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं कडू औषध प्यायल्यासारखं तोंड केलं होतं आणि एक बोट कानात खुपसलं होतं. एवढ्यात कंटाळली, ताईंना वाटलं. एक संध्याकाळ गप्प बसवत नाही हिला.

दुसऱ्या थांब्यावर शून्य. तिसऱ्यावर शून्य. धाकटीची आता दोन्ही बोटं दोन्ही कानांत होती. ती डोळ्यांनी, भुवयांनी, मानेनं काहीतरी सांगत होती, आणि ताई दर वेळी डोळे वटारून तिला गप्प करत होत्या.

शेवटचा थांबा म्हणजे पहिल्यांदा तो सापडला होता ती जागा. इथं ताई ठरल्यापेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या. ये ना रे, त्या मनात म्हणाल्या. एकदाच ये. मी दुसरं काही मागत नाही. वारा आला, गवत आडवं झालं, पुन्हा उभं राहिलं. ताईंचा वर गेलेला हात हळूहळू खाली आला आणि त्या मटकन गवतात बसल्या.

“ताई?” धाकटीनं वाकून पाहिलं. “अगं, रडतेस काय?”

“गेला गं तो.”

“कोण?”

“कोण काय विचारतेस! माझा किडा. संपला. एक नाही राहिला.”

धाकटी शेजारी बसली आणि तिनं ताईंच्या खांद्याभोवती हात टाकला. “असा कसा संपेल? आणि खरं सांगू का, रागावू नकोस. या गोंगाटात तुला तो बिचारा ऐकू येणार तरी कसा? आल्यापासून माझं डोकं उठलंय. आधी हे सगळे बोंबलणारे गप्प होऊ देत, मग मोज की तुझा.”

ताई रडायच्या थांबल्या.

“कोण बोंबलतंय?”

“हे काय!” धाकटीनं दोन्ही हात पसरले. “इथं, तिथं, सगळीकडे! सुया टोचल्यासारखं होतंय कानात. तुला काय झालंय ताई?”

ताईंनी मान वळवून पुन्हा कान दिला. पण हार मानतील तर त्या ताई कसल्या! “तो साधा गवती रातकिडा असणार. तुला काय कळतंय त्यातलं? सलग वाजतोय ना?”

“नाही. मध्ये मध्ये थांबतो.”

“कसा थांबतो? नीट सांग!”

धाकटीनं तोंडानं आवाज काढून दाखवला. तो तिच्या दुकानातल्या ड्रायरचा निघाला. ताईंनी रागानं आपला तळहात तिच्यापुढं धरला. “इथं दाखव. तो वाजेल तसं बोट चालव.”

धाकटीनं कान दिला आणि बोट टेकवलं. दोनदा टिचक्या मारल्या. मग बोट लांब ओढत मनगटापर्यंत नेलं. मग थांबली. पुन्हा दोन टिचक्या, पुन्हा तसंच लांब. पुन्हा थांबली.

ताईंनी तळहात तसाच धरून ठेवला. दोन आखूड, एक लांब आणि मग दम खाणं. असं गाणारा जगात दुसरा कोणी नाही, हे त्यांनी स्वतःच कधीकाळी लिहून ठेवलं होतं.

“कुठं आहे?” ताईंनी विचारलं.

“हा एक इथं पायाशी. तो एक तिथं. त्या दगडामागं तर बाजारच भरलाय.”

ताईंनी पिशवीतून लाल कापड गुंडाळलेला टॉर्च काढला. धाकटी गुडघे टेकून गवतात शिरली, एकेक काडी बाजूला करत, मान तिरकी करून ऐकत, आणि पाठीमागून ताई रांगत गेल्या. “हा बघ,” धाकटी कुजबुजली. तिची कुजबुज म्हणजे इतरांचं बोलणं, म्हणून ताईंना ती ऐकू आली.

काडीवर तो बसला होता. नखाएवढा, मातकट, सुमार. त्यानं पंख उभारले होते आणि ते थरथरत होते. दोनदा थोडे, मग खूप वेळ, मग विसावा. पुन्हा दोनदा थोडे. ताईंनी चेहरा इतका जवळ नेला की श्वासानं काडी हलली असती. तो जीव तोडून गात होता आणि ताईंना काही ऐकू येत नव्हतं. काही म्हणजे काही नाही.

“आहेस होय रे, मेल्या!” ताई ओरडल्या. त्यांना इतका आनंद झाला होता की त्यांचं त्यांनाच भान नव्हतं.

“ओरडू नकोस! थांबला ना तो.”

ताईंनी तोंडावर हात दाबला. पंख मिटलेले होते. मग पुन्हा उभारले. “लागला गायला?” त्यांनी हळूच विचारलं. पंख दिसत असूनही विचारलं.

“लागला.”

ताई मागं सरकून बसल्या. मग एकेक जण त्यांच्या डोळ्यांपुढं येऊन उभा राहिला. शब्द गिळणाऱ्या विद्यार्थिनी आल्या, वर्तमानपत्रामागचा नवरा आला, आणि तो दुरुस्तीवालाही आला, ज्याला त्यांनी वाटेल ते बोलून घेतलं होतं. माणूस खरं सांगत होता बिचारा.

“कधीपासून गं?”

“काय कधीपासून?”

“मला ऐकू येत नाही ते.”

धाकटी जवळ सरकली. तिनं स्वेटरच्या लांब बाहीनं ताईंचे डोळे पुसले. “भावोजी म्हणाले होते, तिच्याबरोबर जा आणि लक्ष ठेव. कशावर ते नाही सांगितलं. म्हणाले, तिला सांगायची माझी छाती नाही.”

“भित्रा मेला,” ताई म्हणाल्या आणि मग मात्र त्यांना हुंदका आवरेना. “तीन वर्षं तो इथं बसून गातोय. आणि मी खाली जाऊन त्याच्या नावानं रडतेय. माझ्यासारखी अडाणी बाई नसेल! सगळी संस्था मला कान म्हणते गं.”

“ठाऊक आहे. तूच सांगितलंयस. दहा वेळा.”

ताई रडता रडता हसल्या. मग उठल्या, कपडे झटकले आणि म्हणाल्या, “चल. पहिल्या थांब्यापासून.” धाकटीचे पाय मोडायला आले होते, तरी ती निमूट गेली. प्रत्येक थांब्यावर ती मोजत उभी राहिली आणि ताई तिचा हात धरून शेजारी, सवयीनं डोळे मिटून. मोजणं सोपं नव्हतं. धाकटीचा घोटाळा व्हायचा, ती पुन्हा सुरुवात करायची, ताई चिडायच्या आणि लगेच गप्प व्हायच्या. तक्त्यावरची शून्यं एकेक करून खोडली गेली.

सकाळी ताईंनी खोलीमागचा उंचवटा गाठला. फोनला रेंज यायची ती तिथंच. खाली गेल्यावर शांतपणे सांगता आलं असतं, पण खाली गेलं की आपला धीर सुटेल आणि आपण काहीतरी शहाणपणाचं कारण शोधून काढू, इतकं त्या स्वतःला ओळखून होत्या. त्यांनी विभागप्रमुखाला फोन लावला आणि त्याला बोलूच दिलं नाही.

“ऐक. किडा आहे. भरपूर आहे. तो लेख फाडून टाक. गेल्या तीन वर्षांचे माझे आकडे चुकीचे आहेत, तसं आपण कळवायचं, सगळ्यांना. कारण विचारतील. कारण लिही, मोजणाऱ्या बाईंना ऐकू येत नव्हतं. गोड करून लिहू नकोस. आणि तुझे ते रेकॉर्डर आण इथं, मी जागा दाखवीन.”

पलीकडून काही कळेना. ताईंनी फोन या कानाला लावला, त्या कानाला लावला आणि शेवटी धाकटीपुढं धरला. “बघ गं, काय म्हणतोय.”

धाकटीनं फोन कानाशी नेला. बराच वेळ ती नुसतीच ऐकत राहिली.

“काय म्हणतोय?”

“काही म्हणत नाहीये. रडतोय.”

“रडतोय? वेडा की काय!” ताई म्हणाल्या. “अगं, सांग त्याला, नीट मोठ्यांदा सांग. किडा आहे म्हणावं! पठारभर आहे! रडतोस कशाला?”

धाकटीनं सांगितलं. पुन्हा ऐकलं. मग फोन खाली घेऊन तिनं ताईंचा हात धरला.

“तो म्हणतोय, मी किड्यासाठी नाही रडत.”